इस्फहानात हरवलेला चष्मा आणि न हरवलेली बाई

इस्फहान, इराण
ता. १४ एप्रिल १९३४

माझी बालमैत्रीण शालूबाई हिस कमरजहाँचा सलाम आणि नमस्कार. (दोन्ही पाठवते आहे. लागेल तो ठेव, उरलेला परत पाठवू नकोस, टपाल महाग आहे.) तीर्थरूप लिहावं तर तू माझ्याहून चार महिन्यांनी धाकटी, आणि चिरंजीव लिहावं तर तुझे केस माझ्याआधी पिकले, तेव्हा मायना इथेच आटोपते.

सकाळपासून सारखी एक शनिवारची दुपार आठवते आहे. नन्सच्या शाळेची मागची भिंत, आणि तिच्यावर पाय सोडून बसलेल्या आपण दोघी. वर्गातल्या ख्रिस्ती मुली आत चॅपेलमध्ये आठवड्याची पापं सांगायला रांगेत उभ्या राहायच्या. तू कंपाउंडरची मुलगी, मी रेल्वेच्या गार्डाची. एक हिंदू, एक मुसलमान. आपल्या पापांची तिथे काही सोय नव्हती. म्हणून ओच्यात करवंदं घेऊन आपण भिंतीवर बसायचो आणि एकमेकींना पापं सांगायचो. माझी कमी पडली की तू पदरची दोन घालायचीस. मग सिस्टर अगाथा येऊन दोघींना जिभा बाहेर काढायला लावत, आणि जिभा काळ्याजांभळ्या निघाल्या की ‘चोरी करू नकोस’ या सातव्या आज्ञेवर पंधरा मिनिटं बोलत. एवढंच. पण आज चाळीस वर्षांनी मला एक पाप सांगायचं आहे आणि शेजारी भिंतीवर कोणी नाही, म्हणून हे पत्र.

मी सुखरूप आहे. तुझा उजवा गुडघा कसा आहे? (डाव्याची चौकशी करत नाही, तो आपल्या दोघींना पुरून उरेल.) सुनेचा खोकला गेला का? तिला ज्येष्ठमध दे आणि बोलणं कमी दे.

आता हकीकत. गेल्या श्रावणात मी लोणावळ्याला भांगरवाडीच्या घरात मोरीत घसरून पडले, हे तुला माहीत आहे, कारण उचलायला तूच आली होतीस आणि मला उचलताना तूही पडली होतीस. कोणीतरी ही बातमी इकडे आबादानला युनूसला कळवली. (कोणी, ते मी विचारत नाही. अक्षर तुझंच होतं.) झालं. पोरानं तिकीटच पाठवलं. मी जानेवारीत इथे आले ती चार महिन्यांसाठी म्हणून. आल्यावर कळलं की कायमसाठी. युनूस आबादानच्या तेलाच्या कारखान्यात पंपांवर देखरेख करतो, पंखा आहे, नळ आहे, आणि सून जैनब इतकी गुणाची की मला पाण्याचा पेलादेखील उचलू देत नाही. (माझी तक्रार हीच आहे.) रोज जेवताना एकच विषय. "अम्मा, तिकडे तू एकटी. पावसाचे चार महिने हाताला हात दिसत नाही. परत पडलीस तर?" मी म्हणे, शालू आहे. तो म्हणे, "शालूमावशी तुझ्याआधी पडलेली असेल."

गेल्या आठवड्यात त्याला इथे इस्फहानच्या एका सूतगिरणीत पंप बसवायला पाठवलं. मी हट्टानं बरोबर आले. दादाजान लहानपणी म्हणायचे की इस्फहान म्हणजे अर्धं जग. म्हटलं, अर्धं तरी बघून घेऊ. तर इथे येऊन युनूस दिवसभर गिरणीत आणि मी मुसाफिरखान्याच्या खोलीत खुर्चीवर. दुसऱ्या दिवशी मी त्याला सरळ सांगितलं, मला गाव दाखवायला माणूस नको, मी एकटी जाईन. तो हसला. त्या हसण्यावरून शब्द वाढत गेला, आणि शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे अम्मा. मैदान, बाजार, चाळीस खांबांचा महाल आणि तेहतीस कमानींचा पूल. चार जागा एकटीनं बघ आणि दिवस मावळायच्या आत आपल्या पायांनी परत ये. आलीस तर लोणावळ्याला जा, मी अडवणार नाही. हरवलीस तर आबादानला राहायचं आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही." मी हो म्हटलं. शालू, आयुष्यात मी पैज अशी कधी लावली नव्हती, आणि लावली ती अख्ख्या म्हातारपणाची.

तयारी मात्र माझी पक्की होती. आबादानला एका मडमेकडे प्रवासाचं पुस्तक होतं, त्यातला नकाशा मी उतरवून आणला होता. रस्त्यांची नावं काही डोक्यात राहीनात, म्हणून त्यावर मी लोणावळा लिहिला. मोठं मैदान म्हणजे आपला बाजारचौक. चाळीस खांबांचा महाल म्हणजे नन्सची शाळा. चहारबाग नावाचा दुतर्फा झाडांचा रस्ता म्हणजे खंडाळ्याची सडक. आणि तिच्या टोकाचा तेहतीस कमानींचा पूल म्हणजे इंद्रायणीवरची आपली मोरी. (मोरीनं वाईट वाटून घेऊ नये. तिलाही एक कमान आहे.) शिवाय वडिलांचा नियम होताच: लोणावळ्यात वाट चुकली तर उतार धरावा, रूळ लागतातच. तो नियम इथे पहिल्या पाच मिनिटांत निकामी झाला. हे गाव परातीसारखं सपाट आहे. उतारच नाही, तर माणसानं धरावं काय?

राहिली भाषा. माझी फारसी म्हणजे दादाजानांनी शिकवलेली दहाबारा वाक्यं. पण आपल्या बाजारातल्या इराण्यानं निघताना चहा पाजून धीर दिला होता, "बाई, तुमच्या मराठीत निम्मी फारसी आहे, बिनधास्त बोला." खरं आहे ते. कोणती निम्मी, एवढं मात्र त्यानं सांगितलं नव्हतं.

मैदानात पोचले. एवढं मोठं मैदान की आपली भांगरवाडी त्यात ठेवली तर शोधावी लागेल, आणि टोकाला मशिदीचा निळा घुमट. दसऱ्याच्या सुमारास पाऊस उघडल्यावर राजमाचीच्या मागे एखाद दिवस आभाळ दिसतं ना, तो निळा. आत घुमटाखाली एक फरशी आहे, तिथे उभं राहून आवाज केला की तो कितीतरी वेळा परत येतो. लोक पाय आपटून बघत होते. मी पाय आपटला नाही, तुझं नाव घेतलं. ते इतक्या वेळा परत आलं की एक मुल्लाजी ही शालू आहे तरी कोण म्हणून खांबामागे डोकावून आले.

बाहेर पायरीवर एक म्हातारे गृहस्थ तसबीची माळ ओढत बसले होते. माझ्याकडे बघून प्रेमळ हसले आणि काहीतरी विचारलं. त्यातला मला एकच शब्द कळला: तमाशा. मी म्हटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा विचारलं, "तमाशा?" शालू, मी गार्डाची मुलगी, नन्सच्या हाताखाली शिकलेली, अंगावर नऊवारी, डोक्यावर पदर, वय चोपन्न; आणि हा माणूस मशिदीच्या दारात मला विचारतो की बाई, तमाशा? मी स्वच्छ मराठीत सांगितलं की आमच्या घराण्यात कोणी केलेला नाही आणि कोणी बघितलेलाही नाही. (माझ्या धाकट्या दिरानं तळेगावच्या जत्रेत बघितला होता, पण परमुलखात ते कशाला?) त्यांना फार आनंद झाला. त्यांनी समोरच्या राजवाड्याकडे हात केला, "तमाशा." मग मशिदीकडे केला, "तमाशा." मशिदीतसुद्धा म्हटल्यावर मी कानावर पदर ओढला आणि तिथून चालू पडले.

बाजार बरा वाटला, कारण वर छप्पर आहे आणि सगळे एकाच दिशेला ढकलले जातात. एका दुकानात ठशांनी छापलेलं कापड होतं, आंब्याच्या कोयरीचं. भाव ऐकून मी दादाजानांचं वाक्य जुळवलं आणि हात जोडून म्हटलं, "मन गरीबम." मी गरीब बाई, कमी करा. दुकानदारानं गज खाली ठेवला. छातीला हात लावला. मला आतल्या गालिच्यावर बसवलं, चहा मागवला, साखरेचे खडे पुढे केले. शेजारी एक वयस्क बाई कापड बघत होती, तिनं माझा हात हातात घेतला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी संकोचून गेले. आपल्याकडे गरीब म्हटल्यावर दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो, आणि इथे बाई रडते? काय ही माणसं, म्हटलं. भाव मात्र एका पैशानंही उतरला नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मग चाळीस खांबांचा महाल. लाकडाचे उंचच उंच खांब आणि समोर लांब हौद. मी पाणी तोंडावर मारायला वाकले, आणि नाकावरून घसरून माझा चष्मा त्यात गेला. बुळुक्, एवढाच आवाज. त्या क्षणापासून इस्फहान मला पाण्यातून बघितल्यासारखं दिसू लागलं. माळी जवळच होता. मी हौदाकडे बोट दाखवून म्हटलं, "चष्मा." त्यानं मान हलवली, "चष्मा न, हौज." मी म्हटलं, हो रे बाबा, हौदच, पण हौदात चष्मा. तो म्हणाला, हौज. मी म्हटलं, चष्मा. असं आमचं बराच वेळ चाललं. शेवटी त्यानं हट्टी म्हातारीपुढे हात टेकावेत तशी मान डोलावली आणि बोटानं खूण करून मला बागेच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं. मला वाटलं, चष्म्याचं दुकान असेल. तिथे भिंतीतून पाण्याची धार पडत होती. त्यानं धारेकडे हात केला आणि समाधानानं म्हणाला, "चष्मा." मी रडकुंडीला येऊन पुन्हा म्हटलं, चष्मा. त्यानं ओंजळ करून दाखवली, पी म्हणून. काय करणार, प्याले. पाणी गोड होतं. जाताना खांब तेवढे जवळ जाऊन हात लावत मोजले, कारण डोळ्यांवर भरवसा नव्हता. वीस भरले. दोनदा मोजले, दोनदा वीस. म्हटलं, बाकीचे वीस चष्म्याबरोबर गेले.

आता उरला पूल, आणि दिवस कलला होता. धुरकट दिसणाऱ्या रस्त्यावर मी प्रत्येकाला विचारत सुटले, "पूल कुजास्त?" पूल कुठे आहे? पहिल्या बाईंनी माझ्याकडे खालवर बघितलं, पिशवी उघडली आणि माझ्या तळहातावर नाणं ठेवलं. मी म्हटलं, नाही हो, पूल, पूल. त्यांनी आणखी एक ठेवलं. पुढे एका सायकलवाल्यानं दिलं. एका अंमलदारानं आधी झापलं आणि मग दिलं. मी जितकं कळवळून पूल म्हणावं तितकी ओंजळ भरत चालली. नाणी परत करावीत तर लोक आशीर्वाद घेऊन चालते झालेले. लोणावळ्यात इभ्रतीनं चोपन्न वर्षं काढली, शालू, आणि इस्फहानात एका दुपारी मी भिकारीण झाले, तीही चांगली चालणारी.

शेवटी एका औषधांच्या दुकानाच्या पाटीवर इंग्रजी अक्षरं आहेत असा भास झाला आणि मी आत शिरले. दुकानदार आर्मेनियन, पांढऱ्या मिश्यांचे, अस्खलित इंग्रजी बोलणारे. मी त्यांना मैदानापासून सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता हसायला लागले, मग स्टूल ओढून त्यावर बसून हसले. मग एकेक शब्द उलगडला. तमाशा म्हणजे इथे नुसतं बघणं. ते म्हातारबाबा विचारत होते, गाव बघायला आलात का? चष्मा म्हणजे झरा. डोळ्यांवरच्याला म्हणतात ऐनक. (दादाजान ऐनकच म्हणायचे. पण घरात सगळ्यांनी चष्मा, चष्मा करून त्यांची ऐनक बुडवली आणि शेवटी माझीही.) आपला पूल इथे आखूड म्हणायचा, लांबवून पूल म्हटलं की पैसा. म्हणजे मी भरचौकात पदर पसरून विचारत होते, पैसा कुठे आहे?

आणि गरीब? मी विचारलं, त्या बाई रडल्या का? तेव्हा त्यांचं हसू थांबलं. म्हणाले, "बाई, आमच्याकडे गरीब म्हणजे ज्याच्याजवळ पैसा नाही तो नव्हे. गरीब म्हणजे परमुलखातला. घरापासून लांब पडलेला, ज्याला हाक मारायला ओळखीचं माणूस नाही, तो. तुम्ही त्यांना तेच सांगितलंत."

मी ओंजळीतली नाणी पदरात बांधली. युनूसच्या घरी मला काहीही कमी नाही, हे मी वर लिहिलंच आहे. नळ आहे, पंखा आहे, सून सोन्यासारखी आहे. तीन महिने मला एक दुखत होतं आणि त्याला नाव सापडत नव्हतं. खातंपितं माणूस कशाला कण्हतं म्हणून मी मलाच रागवत होते. आणि त्याचं नाव मी भर बाजारात, कापडाचा भाव पाडायला, स्वतःच्या तोंडानं सांगून आले होते.

पूल बघितला. पलीकडे त्यांची वस्ती होती, त्यांनीच दुकानाला कुलूप लावून तिथवर सोबत केली. कमानींतून संध्याकाळचं पाणी वाहत होतं. मला तेहतीसच्या सहासष्ट दिसल्या.

दिवस मावळायच्या आत मी मुसाफिरखान्यात पाऊल टाकलं. युनूस दारातच फेऱ्या घालत होता, तोंड उतरलेलं. मला बघून आधी हुश्श झाला, मग वकील झाला. "अम्मा, महालाला खांब किती?" मी खरं ते सांगितलं: वीस. तो शांतपणे खुर्चीवर बसला. म्हणाला, "त्याचं नावच चाळीस खांब आहे. लहान पोरालाही ठाऊक आहे. तू गेली नाहीस, किंवा गेलीस आणि तुला दिसलं नाही. दोन्हीचा अर्थ एकच." आणि मग त्याला माझ्या नाकावर चष्मा नाही हे दिसलं. मग काय बोलता? जेवण झालं नाही. मी म्हटलं, उद्या सकाळी तू चल आणि तूच मोज. वीसपेक्षा एक जास्त निघाला तर मी आबादानला राहीन.

आज सकाळी गेलो. युनूसनं मोजले. वीस. परत मोजले. तिसऱ्यांदा त्यानं प्रत्येक खांबाला हात लावून, फार हळू मोजले. मला दिसत नव्हतं, पण त्याचा आवाज विसाव्याला बारीक झाला. त्याला जिंकायचं होतं गं, आणि ते माझ्यासाठीच. मग माळी आला आणि त्यानं युनूसला हौदाकडे वळवून दाखवलं: वीस उभे आणि वीस पाण्यात पडलेले, मिळून चाळीस. चष्मा असता तर मीही फसले असते. मी माळ्याला म्हटलं, "ऐनक." त्यानं कपाळावर हात मारला, दाताळं आणलं आणि पाण्यातल्या खांबांमधून माझा चष्मा वर काढला. युनूसनं तो सदऱ्याला पुसून माझ्या नाकावर ठेवला. मग म्हणाला, "पावसाआधीची बोट बघतो. पण मोरीत चटई टाकायची." मी हो म्हटलं. एवढं त्याचं ऐकलंच पाहिजे.

तुझी,
कमर

ता. क. (ताजा कलम. हाही शब्द फारसीच. अर्थ तोच असावा अशी आशा आहे.) आता पाप. पुलापासून मी चालत आले नाही. पाय उरले नव्हते. त्या भल्या माणसानं मला घोडागाडीत बसवून दिलं, आणि भाडं मी लोकांनी दिलेल्या पुलातून दिलं. मुसाफिरखान्याच्या अलीकडच्या कोपऱ्यावर मी उतरले आणि तिथून चाळीस पावलं आपल्या पायांनी आले. युनूसनं विचारलं, चालत आलीस? मी म्हटलं, चालतच आत आले. हे पत्र वाचून फाडून टाक. तू काही त्याला परत कळवलंस तर तुझं अक्षर मी ओळखते.

आणखी एक ता. क. खरं तर पत्र याच्यासाठीच लिहिलं आहे. जानेवारीत निघताना माझ्या मनात कुठेतरी होतंच की आता परत येणं नाही, म्हणून तुला न सांगता मी घरातलं बरंच वाटून टाकलं. ते आता गोळा करावं लागेल, आणि ते तुझ्याशिवाय कोणाला जमणार नाही. सोबत पार्सल पाठवते, त्यात सगळ्यांचं आहे. समोरच्या कस्तुराबाईकडून माझा पाटा-वरवंटा आण आणि तिला गझची डबी दे. (गझ म्हणजे इथली पिस्त्यांची मिठाई, आपल्या गुळदाणीची गोरी थोरली बहीण. दात सांभाळून खा म्हणावं.) टाकव्याच्या भिमाजीला शेळी दिली होती. तो तेव्हाच म्हणाला होता, "मावशी, तुमी काय तितं ऱ्हात न्हाई, पर शेळी लय गुनाची हाय, तवर मी बघतो." शेळी परत आण, झालेली करडं त्याचीच, वर तंबाखूची नक्षीची डबी दे. वराळ्याच्या पुतण्यानं, राजमहंमदनं, भिंतीवरचं घड्याळ नेलं आणि सतरा वेळा विचारलं की चाची नक्की परत येणार नाही ना. त्याच्याकडून ते आधी आण, आणि मग पार्सलचा रिकामा खोका त्याला दे, खोका चांगला आहे. बयाबाईला गोधडी दिली आहे, ती मागू नकोस. उलट कोयरीचं कापड तिलाच दे, नातीला झबलं होईल. पलंग आणि गाद्या कोणाला दिल्या ते मला खरंच आठवत नाही; विचारून बघ.

निघाले त्या दिवशी रिकामं घर बघून तू दारातून आत आली नाहीस, आणि मला काही नको म्हणालीस. म्हणून पार्सलमध्ये तुझ्यासाठी काही घातलेलं नाही. तुला मीच. पलंग मिळेपर्यंत तुझ्याकडेच राहीन. खिडकीकडची बाजू माझी, आणि सुनेला आधीच सांगून ठेव.